डाग नसलेल्या स्प्रिंगा

आमच्या घरी विकत घेतलेला टॉवेल कधी आला नाही. जे यायचे ते कारखान्यातून बाद झालेले असायचे, कुठल्यातरी कोपऱ्यात तपकिरी ठिपका असलेले. तो ठिपका मागाच्या तेलाचा. यंत्रमागावर तेलाचा एक थेंब सुतावर उडाला तरी टॉवेल 'सेकंड'मध्ये जातो, आणि कितीही धुतला तरी डाग पिवळा होऊन राहतोच. घरात आम्ही तेलुगू बोलतो. तेलुगूत डागाला मरक म्हणतात. वडील जॉबर होते, म्हणजे माग जुळवून देणारे आणि बिघडले की दुरुस्त करणारे. इतर घरांत पाप हा शब्द ज्या स्वरात उच्चारतात त्या स्वरात ते मरक म्हणत. तेल घालायचे ते कुपीच्या टोकाने, मोजके, आणि लगेच चिंधीने टिपून घ्यायचे. चिंधी पांढरीच हवी. तिच्यावर काही उमटले नाही की काम संपले.

माझा मोठा भाऊ, ज्याला मी अन्ना म्हणते, वडिलांच्या हाताखाली हेच शिकला. पुढे मागांचे काम कमी झाले तेव्हा तो मोटरसायकलींकडे वळला. कुंभारीच्या रस्त्याला त्याने पत्र्याचे शेड टाकले. आधी साधी दुरुस्ती, मग शर्यतीची इंजिने. आमच्या भागात मातीवरच्या शर्यती होतात. एखादे मोकळे रान सपाट करायचे, वाळूची पोती रचून वळणे आखायची, टँकरने पाणी मारायचे, कर्णे बांधायचे. गाड्या रोजच्याच असतात, कामाला जाणाऱ्या माणसाच्या, पण त्यांची इंजिने आतून बदललेली असतात. अन्नाने बांधलेली इंजिने पुढे निघू लागली. त्याचे कारण लोक त्याच्या हाताची सफाई सांगत. ते खरेही होते. त्याच्या शेडमध्ये तेलाचा वास यायचा, तेल दिसायचे नाही.

मी सात रस्त्याजवळच्या एका दैनिकाच्या कार्यालयात बातम्या तपासण्याचे काम करते. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये जाऊन बसते. यंत्रांविषयी मला जे कळते ते तिथे बसून ऐकलेले आहे, आणि ते इथे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. उघडलेला व्हॉल्व्ह पुन्हा बंद करण्याचे काम स्प्रिंगचे. शर्यतीत ती मिनिटाला हजारो वेळा दबते आणि सुटते. लोखंडी तार हातात धरून पुढे-मागे वाकवत राहिले की ती वाकते त्या जागी चटका देते, हे लहानपणी सगळ्यांनी केलेले असते. स्प्रिंगचे तेच होते. ती आगीमुळे तापत नाही, स्वतःच्या वाकण्याने तापते. शिवाय शर्यतीच्या इंजिनात एका स्प्रिंगच्या पोटात दुसरी स्प्रिंग बसवतात, आणि त्या दोघी एकमेकींवर घासतात. म्हणून त्यांच्यावर सतत तेल वाहावे लागते. तेल तिथे घसरण सोपी करते, पण त्याहून मोठे काम करते ते उष्णता वाहून नेण्याचे. तेल कमी पडले तर स्प्रिंग निळी पडते, ढिली होते, आणि एके दिवशी तुटते. तुटली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो, आणि तुकडे आत अडकून इंजिन जागच्या जागी थांबते.

अन्नाला हे ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि हाताला पटणे यांत फरक पडतो, हे मला त्याच्यामुळे कळले.

त्याच्या एका गाडीचे इंजिन सुरू करताना निळा धूर सोडायचे. डोक्यात साचलेले तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपून आत जळत होते. शर्यतीच्या दृष्टीने हा दोष किरकोळ. पण सुरुवातीच्या रेषेवर दुसऱ्या एका मेकॅनिकने सगळ्यांदेखत विचारले, "काय अन्ना, डास मारायलाय का?" दुसऱ्या दिवशी अन्ना शेजारच्या लेथवाल्या चाचांकडे गेला. डोक्याकडे तेल चढते ते एका पोकळ बोल्टमधून. त्याच बोल्टची नक्कल, पण भोक अगदी बारीक, असे त्याने करून मागितले.

चाचांनी रेखाटन डोळ्यांजवळ नेले. "इत्ता बारीक? इसमें से तो मच्छर बी नै जाता, अन्ना."

"मच्छर कायको जाना चाचा, तेल जाना."

"तेल को बी जाने को जागा लगती मियाँ."

चाचांनी बोल्ट करून दिला. धूर थांबला. इंजिन बांधताना अन्ना स्प्रिंगा पेट्रोलमध्ये धुवायचा, वेढ्यावेढ्यातून पांढरी चिंधी फिरवायचा, आणि चिंधी कोरी निघाली की बसवायचा. नव्या स्प्रिंगा तेलात बुडवून बसवायच्या असतात, हे तो इतरांना सांगतही असे. स्वतः करताना त्याचा हात स्प्रिंगा पुसूनच मोकळा व्हायचा. त्याने केलेल्या डोक्याचे झाकण काढले तर आत लग्नातल्या भांड्यासारखे लखलखीत दिसायचे. बघायला येणारे कौतुक करायचे. मीही केले होते.

त्या इंजिनावर बसणारा रायडर मोहोळचा होता. हायवेवरच्या टायरच्या दुकानात काम करायचा, घरी मेंढ्या होत्या, वडील नव्हते, आई होती. बोलण्यात हसरा, गाडीवर अजिबात हसरा नाही. अन्नाच्या आणि त्याच्या वयात बरेच अंतर होते, तरी दोघांचे जमायचे. तो शेडमध्ये आला की आधी गाडीच्या सीटवर थाप मारायचा, मेंढीच्या पाठीवर मारतात तशी.

ज्या शर्यतीत तो पडला ती मी पाहिलेली नाही. जे समजले ते असे. तो दुसऱ्या क्रमांकावर होता. मागच्या बाजूच्या सरळ पट्टीवर, जिथे प्रेक्षक कमी असतात, त्याच्या गाडीचे मागचे चाक एकाएकी अडकले. मातीत लांब चर पडला. तो पुढे फेकला गेला आणि मागून येणारी गाडी त्याच्या डाव्या पायावरून गेली. व्हिडिओ बरेच निघाले, पण सगळे सुरुवातीच्या रेषेकडून. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नव्हता. पट्टीच्या जागी फक्त धूळ दिसते, आणि कर्ण्यावरचा माणूस ओरडत राहतो, "मोहोळचा वाघ, मोहोळचा वाघ, कुठं गेला मोहोळचा वाघ?"

त्याला शुद्ध आली तेव्हा मी आणि अन्ना रुग्णालयात होतो. खाटेजवळ त्याच्याच गावचा आणखी एक रायडर उभा होता. शुद्धीवर आलेल्याने त्याला विचारले, "काय झालं रं?"

"काय न्हाय. गिअर चुकला असंल तुजा. न्यूट्रलला अडकला असंल, इंजिन मोकळं पळालं, फुटलं."

"व्हय?"

"मग? दुसरं काय हुतंय."

पुढच्या भेटीत त्याने आम्हाला स्वतःहून सांगितले, "गिअर चुकला, अन्ना." 'असंल' गळून गेले होते. त्याच्या नंतरच्या भेटीत तो म्हणाला, "तिसऱ्याचा चवथा टाकताना पाय सटाकला. बुटाला चिकुल हुता." बातमीच्या धंद्यात हे रोजचे आहे. 'असावा', 'समजते' हे शब्द शेवटच्या ओळीत असतात आणि जागा कमी पडली की तीच ओळ आधी कापली जाते. दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्यासाठी ती कधी नव्हतीच. चिखलाचे मला त्याच वेळी खटकले. त्या मैदानावर त्या दिवशी चिखल नव्हता. पण पायात सळई घातलेल्या माणसाशी चिखलावरून वाद घालण्याचे ते ठिकाण नव्हते.

अन्नाने इंजिन उघडले. धुराच्या बाजूची स्प्रिंग तुटलेली होती, व्हॉल्व्ह वाकलेला, पिस्टनचे तुकडे. गिअर चुकून इंजिन मोकळे पळाले तरी हेच होते. त्यामुळे कुणी दुसरे काही विचारले नाही. गाडी शेडच्या कोपऱ्यात गेली. तिच्यावर एक बाद चादर टाकली गेली.

रायडर चालू लागला, किंचित लंगडत. गाडीला तो हात लावत नव्हता. मोहोळच्या चहाच्या टपरीवर त्याला 'न्यूट्रल' हे नाव पडले. "न्यूट्रल आला रं, सरका, धक्का मारून फुडं न्या त्याला." तो हसायचा. हे आम्हाला सांगतानाही हसला होता.

त्या काळात अन्नाच्या वागण्यात एक गोष्ट शिरली. जेवता जेवता तो पंखा बंद करायला सांगायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकायचा, मग पंखा लावायला सांगायचा. वहिनी विचारायची, कोण आले? तो म्हणायचा, कुणी नाही. मोबाईलवर तो शर्यतीचा व्हिडिओ लावून कानाला धरायचा, बघायचा नाही. कर्ण्यावरच्या माणसाच्या ओरडण्याखाली कुठेतरी त्याचे इंजिन होते. एकदा त्याने मला ऐकायला दिला. मला वाघाशिवाय काही ऐकू आले नाही.

"तुला काय ऐकायचंय?" मी विचारले.

"थांबायच्या आधीचं."

"ते धुळीत गेलं, अन्ना."

"धुळीत दिसत नाही. ऐकू यायला काय झालं?"

मग अक्कलकोटच्या एका गिऱ्हाईकाचे इंजिन आले. तेही अन्नानेच बांधलेले, त्याच बारीक भोकाच्या बोल्टचे. तपासणीसाठी गाडी स्टँडवर घेऊन, तिसऱ्या गिअरमध्ये टाकून, तो हाताने मूठ पिळून धरत होता. गिअरवर कुणाचा पाय नव्हता. आतून हलकी खडखड सुरू झाली, आणि तो मूठ सोडणार तेवढ्यात इंजिन थांबले. झाकण काढले तर धुराच्या बाजूची स्प्रिंग तुटलेली. मोहोळच्या गाडीतली तुटली होती त्याच वेढ्यापाशी. अन्ना तिथेच खाली बसला. मी पाणी आणून दिले, ते त्याने हातात धरले आणि प्यायले नाही. बऱ्याच वेळाने उठून त्याने कोपऱ्यातल्या गाडीची जुनी तुटकी स्प्रिंग काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींवर निळी झाक होती. दोन्हींना डाग नव्हता.

त्याला तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. कदाचित तेवढ्यावर विश्वास न ठेवण्याची एक जागा त्याला हवी होती. सात रस्त्याजवळ दुकानांच्या पाट्या करणारा एक जण आहे. त्याच्याकडून अन्नाने ॲक्रिलिकचा जाड तुकडा आणला. कुठल्यातरी डॉक्टरच्या पाटीचा बिघडलेला तुकडा होता, त्यावर कोरलेले 'डॉ' अर्धवट राहिले होते. एका जुन्या झाकणाचा माथा कापून त्याने तो तुकडा तिथे बसवला. इंजिनाच्या डोक्याला खिडकी झाली. आत नव्या स्प्रिंगा, त्याच्या पद्धतीने पुसलेल्या, आणि बारीक भोकाचा बोल्ट. चाचाही बघायला आले. मी टॉर्च धरला.

इंजिन संथ चालले होते तेव्हा आत तेलाचा एक धागा दिसत होता, खाली वाहणारा. अन्नाने मूठ पिळली. धागा तुटून थेंब झाले, थेंब दोन्ही बाजूंच्या मधल्या फिरत्या दांडीवर आपटून एका बाजूला उडू लागले. हवेच्या बाजूची स्प्रिंग ओली होती. धुराच्या बाजूची कोरडी. आवाज आणखी चढला तेव्हा त्या कोरड्या स्प्रिंगचे वेढे दिसेनासे झाले, तिच्या जागी एक राखाडी सावली उभी राहिली. तिच्यातून अगदी बारीक धूर निघाला, उदबत्ती विझताना निघतो तेवढा.

अन्नाने इंजिन बंद केले. मग त्याने बारीक बोल्ट काढून मूळचा मोठ्या भोकाचा बसवला, आणि पुन्हा सुरू केले. या वेळी मूठ पिळताच खिडकीवर तेल आपटले. काच सोन्यासारखी पिवळी झाली आणि आतले काहीच दिसेना. चाचा वाकून बघत होते, ते सरळ झाले.

"अब कुछ नै दिख रा," ते म्हणाले.

"हां," अन्ना म्हणाला. "असंच पाहिजे होतं."

घरी येताना तो एवढेच बोलला की मोहोळला जावे लागेल. मी त्याला विचारले, तुला खात्री आहे का, कारण आपण स्टँडवर पाहिले, मैदानावर नाही. त्याने रस्त्यावरून नजर न काढता उत्तर दिले. "त्या गाडीचं चाक अडकलं होतं ना? गाडी न्यूट्रलमध्ये असती तर इंजिन थांबल्यावर चाक फिरतच राहिलं असतं. चाक अडकलं म्हणजे ती गिअरमध्ये होती." तो थांबला. "हे मला त्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. मातीतला चर मी स्वतः पाहिला होता."

चर सगळ्यांनी पाहिला होता. आमच्या दैनिकातल्या चार ओळींतही चाक अडकल्याचे होते.

मोहोळला आम्ही सकाळी पोचलो. घर गावाबाहेर, दारात मेंढ्यांचा वाडा. रायडरची आई लोकर झटकत बसली होती. तिने घोंगडी अंथरली.

"या की अन्ना. लई दिसांनी. च्या घेनार का ताक?"

"काही नको, मावशी."

"काय नको कसं? बहीण बी आलीया संगं. पोरी, तू तरी घे की." आत जाता जाता ती म्हणाली, "ह्यो आता गाडीचं नाव काडत न्हाय. मेंढ्या घिऊन रानात जातो, त्या बी ह्याच्या फुडं जात्यात."

रायडर दुकानाला जायच्या तयारीत होता. तो उंबऱ्यावर बसला, डावा पाय लांब करून. अन्नाने प्रस्तावना केली नाही.

"तुझा गिअर चुकला नव्हता."

तो हसला. "कोन म्हनतं?"

"मी."

"तुमी हुता का गाडीवर?"

अन्नाने चाकाचे सांगितले. न्यूट्रलमध्ये चाक अडकत नाही. त्याने ऐकून घेतले. टायरवाला होता, चाक कशाने फिरते आणि कशाने थांबते हे त्याला समजावून सांगावे लागत नव्हते. त्याचे हसणे चेहऱ्यावर तसेच राहिले, फक्त त्या हसण्याचे काम संपले.

"मग फुटलं कशानं?"

"स्प्रिंग कोरडी होती. तेल पोचत नव्हतं. मी भोक बारीक केलं होतं." मग अन्नाने स्टँडवरचे सगळे सांगितले, दुसरे इंजिन, तुटण्याआधीची खडखड, खिडकी. तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. मला त्याला थांबवावेसे वाटले, पण मी थांबवले नाही.

"मला आठवतंय की, अन्ना," रायडर म्हणाला. "पाय वर मारला आनि तितं काय न्हवतंच. अंधारात पायरी हाय समजून पाय टाकावा आनि पायरीच नसावी, तसं. माजा पाय मला म्हाईत न्हाय व्हय?"

"चाक अडकलं होतं," अन्ना म्हणाला.

"ते बी खरं हाय."

रायडरने लांब केलेल्या पायावरून हात फिरवला.

"मग हे आठवतंय ते कुनाचं?" त्याने विचारले. तो अन्नाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, जणू अशा गोष्टींचा हिशेब माझ्या खात्यात येतो. रुग्णालयात त्याला तो शब्द कुणी दिला हे मला माहीत होते. मी सांगितले. खाटेजवळ कोण उभे होते, काय म्हणाले, आणि त्याने काय विचारले होते. त्याला त्यातले काही आठवत नव्हते. जे घडले होते ते आठवत नव्हते आणि जे घडले नव्हते ते पायात होते.

आई ताकाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकले ते कळले नाही, पण पुरेसे ऐकले होते.

"म्हंजी पोराची चूक न्हवती?"

"नाही मावशी. माझी होती."

"आनि समदं गाव न्यूट्रल न्यूट्रल करतंय ते?" तिने पेले खाली ठेवले. "तुमी इतके दिस कुटं हुता, अन्ना?"

"मला कळलं नव्हतं."

"कळलं न्हवतं का बघितलं न्हवतं?"

मग तीच ताक घ्या म्हणाली. आम्ही घेतले.

त्यानंतर काही दिवसांनी रायडर शेडमध्ये आला. एस.टी.ने आला होता. सीटवर थाप वगैरे काही मारली नाही. म्हणाला, तीच गाडी पुन्हा बांधा. शर्यतीसाठी नाही. त्याला त्याच मैदानावर, त्याच पट्टीवर, तिसऱ्यातून चौथा गिअर टाकून बघायचा होता. पाय काय करतो ते.

"एकदा केलं की कळंल," तो म्हणाला. "न्हायतर मी रोज करतोय. झोपंत बी."

अन्नाने इंजिन बांधले. नवा पिस्टन, नवे व्हॉल्व्ह, मोठ्या भोकाचा बोल्ट. स्प्रिंगा त्याने तेलाच्या वाडग्यात बुडवून ठेवल्या. काढल्यावर त्या थेंब गाळत होत्या, आणि दर वेळी त्याचा डावा हात खांद्यावरच्या चिंधीकडे जात होता. शेवटी त्याने चिंधी काढून माझ्याकडे दिली आणि म्हणाला, बाहेर नेऊन ठेव. डोके बसवून झाले तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत तेल होते, बाकावर होते, फरशीवर होते. वडील असते तर शेडमध्ये पाऊल टाकले नसते.

मैदान ओसाड होते. पोती नेलेली, कर्ण्यांचे खांब नेलेले, वळणांच्या जागी गवत. एका बाजूला कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. पट्टीच्या कडेला एकच बाभूळ आहे. चर पावसाने बुजला होता, तरी अन्ना त्या जागेला वळसा घालून गेला.

रायडरने डावा पाय दोन्ही हातांनी उचलून गाडीवर घेतला. सुरू करताना निळा धूर निघाला. अन्ना धुराकडे बघत राहिला.

पहिली फेरी संथ. दुसरी जरा जोरात. तिसऱ्या फेरीला तो पट्टीवर आला तेव्हा आम्ही दोघे बाभळीपासून थोडे अलीकडे उभे होतो. दुसरा, तिसरा, मग आवाज किंचित खाली येऊन पुन्हा चढला. चौथा बसला होता. अन्नाने श्वास सोडल्याचे मला ऐकू आले. गाडी वळून परत आली आणि आमच्यासमोर थांबली. इंजिन चालूच होते.

"बसला ना?" अन्ना म्हणाला. "तुझा पाय चुकत नाही."

त्याने हेल्मेट काढले. "आवाज येगळा हाय."

"नव्या स्प्रिंगा आहेत. तेल आहे."

"तसं न्हाय. त्या दिशी पट्टीवर बारीक खडखड येत हुती. डब्यात हरबरं हलवावं तशी. मी ऐकली." तो हँडलकडे बघत बोलत होता. "वाटलं, फुडचं वळान काढू, मग बगू. मूठ सोडली न्हाय मी."

"हेल्मेटात ऐकू येत नाही ते."

"आलं, अन्ना."

"कधी आठवलं तुला?" मी विचारले.

"आत्ता. तितं, बाभळीपाशी."

कोरडी स्प्रिंग तुटण्याआधी खडखडते. ते खरे आहे. ते अन्नाने त्याला उंबऱ्यावर सांगितले होते, मी समोर होते, हेही खरे आहे. त्या इंजिनाच्या जवळ त्या दिवशी तो एकटाच होता. दुसऱ्या कुणाला विचारण्याची सोय नाही. मी त्याला म्हटले, ही खडखड तू अन्नाकडून ऐकली असशील. तो बराच वेळ विचार करत राहिला. प्रामाणिकपणे विचार करत होता. मग म्हणाला, "तसं बी असंल. पन मला ऐकू येतीया."

"मूठ सोडायला वेळ मिळत नाही रे," अन्ना म्हणाला. "स्टँडवर मलाही मिळाला नाही."

"तुमी सोडनार हुता. मी सोडनार न्हवतो."

अन्नाने पुढे होऊन चावी फिरवली. इंजिन बंद पडले. शेळ्यांमागची बाई आमच्याकडे बघत होती, ती पुन्हा चालू लागली.

"त्यो बारीक भोकाचा बोल्ट हाय का तुमच्यापाशी?" रायडरने विचारले. "एकदा बशिवा. स्प्रिंगा पुसून घ्या तुमच्यासारख्या. लांब उभं राहून ऐकू फकस्त. मग कळंल, आली हुती का न्हाय."

"नाही," अन्ना म्हणाला.

"का?"

"नाही."

तो गाडीवरून उतरला आणि तिच्या शेजारी मातीत बसला, पाय लांब करून. तापलेले इंजिन बंद झाल्यावर आतले धातू आखडतात आणि टिक, टिक असा आवाज येतो, आधी भराभर, मग थांबून थांबून. त्याने कान तिकडे नेला.

"हा तो आवाज नाही," अन्ना म्हणाला. "हा गार होण्याचा आहे."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. पण उठला नाही.